बाहेरची कडी

थंडोबाला मोठी व्हॅन घ्यायची आहे हे घरातल्यांनी आधी हसण्यावारी नेलं. पासष्टी ओलांडलेला माणूस. सगळी नोकरी भाजीपाल्याच्या शीतगृहात गेली. सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तरी याच्या जिवावर यायचं. थंडोबा हे नाव शीतगृहातल्या लोकांनी ठेवलेलं, ते कामामुळे कमी आणि स्वभावामुळे जास्त. समोर आग लागली तरी हा आधी हात पुसणार, मग बादली शोधणार.

आणि हाच माणूस आता अटी सांगत होता. आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. मागे झोपायची जागा पाहिजे. आणि चारही चाकं ओढणारी पाहिजेत, दोन नकोत.

"चार कशाला, बाबा?" मुलीने फोनवर विचारलं.

"रस्ता संपला तरी गाडी थांबायला नको."

"रस्ता संपल्यावर जायचंय कुठे तुम्हाला?"

"कुठेच नाही. नुसतं थांबायचं नाहीये."

 मुलीला कारण माहीत होतं.

थंडोबाच्या बायकोची आठवण जात चालली होती. एके काळी ती मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठला विभाग कुठे, कुठला डॉक्टर कधी, सगळं तोंडपाठ. रडत आलेला माणूस तिच्या खिडकीसमोरून निदान डोळे पुसून जायचा. आधी तिच्या किल्ल्या हरवू लागल्या, मग नावं, मग माणसं. आता ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून म्हणायची, "चला, घरी जाऊ या." सकाळी म्हणायची, जेवताना म्हणायची, झोपेतून उठून म्हणायची. थंडोबा म्हणायचा, "अगं, हेच आपलं घर." मग ती त्याच्याकडे असं बघायची, की हा माणूस थापा मारतोय हे तिला कळलंय, पण बिचाऱ्याला कशाला लाजवा.

एकदा ती बाहेर निघून गेली आणि बाजारामागे रेल्वेच्या रुळांजवळ सापडली. एका पायात चप्पल होती. तेव्हापासून दाराला कुलूप आणि किल्ली थंडोबाच्या गळ्यात. तो सामान आणायला निघाला की तिला बजावून जायचा, "मी आल्याशिवाय कुणालाही दार उघडायचं नाही. कुणीही येऊ दे, काहीही सांगू दे." बाकी सगळं ती विसरली, पण हे तिने पक्कं धरलं.

चालत्या गाडीत मात्र ती निराळी असायची. हे कळलं तेही अपघातानेच. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे थंडोबाचा मेहुणा, त्यांना आपल्या गाडीतून डॉक्टरकडे नेत होता. सिग्नलला गाडी थांबली की ती म्हणायची, "चला, घरी." चाकं फिरायला लागली की गप्प. गप्प म्हणजे कोमेजून नाही, खुशीत. खिडकीतून बघायची, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. त्या दिवशी गाव संपून मोकळा रस्ता लागल्यावर तिने थंडोबाकडे वळून विचारलं होतं, "दमलात ना तुम्ही?" अगदी पूर्वीसारखं. थंडोबाने मान फिरवून घेतली. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात व्हॅन शिरली ती निघेना.

मुलीने दुसरी व्यवस्था बघून ठेवली होती. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे एक जागा रिकामी झाली होती. रविवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

"रविवारपर्यंत मनासारखी गाडी मिळाली तर ती माझ्याबरोबर," थंडोबा म्हणाला. "नाही मिळाली तर तू म्हणशील तसं."

"बाबा, आई म्हणजे काय पैज आहे?"

"तू म्हणशील तसं, म्हटलं ना."

मेहुण्याचं गॅरेज होतं, त्यामुळे गाड्या बघायचं काम आपोआप त्याच्या गळ्यात पडलं. बोलघेवडा माणूस. पहिली व्हॅन बाहेरून ऐसपैस दिसत होती, पण आत थंडोबाला मान वाकवावी लागली. तो खाली उतरला. "महिनोन्महिने कुबड काढून नाही राहायचं मला."

दुसरीत उभं राहता आलं, पण तिची पुढची चाकं मागची घसरल्यावरच ओढायला लागायची, तीही तिच्या मर्जीने. मेहुणा बोनेट लावत म्हणाला, "ही म्हणजे ऐनवेळी मदतीला येणारे नातेवाईक. तुम्ही पडलात की येणार, आणि तेही कसे पडलात ते बघायला." शिवाय तिचं पोट जमिनीला इतकं जवळ होतं, की एखादा बरा दगड आडवा आला असता तरी ती त्याच्यावर बसली असती.

"भाऊजी, गाडी घेताय की जावई करून घेताय?" तिसऱ्या दिवशी मेहुणा म्हणाला. "एवढ्या चौकशा तुम्ही पोरीच्या लग्नात केल्या नव्हत्या."

"तेव्हा तुझ्या बहिणीने केल्या होत्या."

मेहुण्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "आज दाखवतो ती शेवटची. माझं जुनं गिऱ्हाईक आहे. जमीन मोजणारा सर्व्हेअर होता, सगळा जन्म डोंगरात गेला. गाडी अशी ठेवलीय की मीच घेतली असती. बरीच वर्षं उभी आहे मात्र. म्हातारा विकतो विकतो म्हणतो, पण विकत नाही."

"का?"

"कोण जाणे. गिऱ्हाईक पसंत पडत नाही म्हणे."

मागच्या सीटवर थंडोबाची बायको पाट्या वाचत होती. तिला इतका वेळ घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि गाडी तिच्यासाठीच तर घ्यायची होती.

सर्व्हेअरचं घर गावाच्या टोकाला होतं. मागे दगडी कुंपणाचं अंगण आणि पत्र्याच्या शेडखाली ती पांढरी व्हॅन. उंच, रुंद, जाड चाकांची. मेहुण्याने गाडीखाली अंग सरकवलं आणि खालूनच बोलू लागला. "पोट बघा किती वर आहे. गंज नाही. चारही चाकांचा गिअर वेगळा, हाताने टाकायचा. खाली अजून एक दमाचा गिअर, चढाला मुंगीसारखी चढेल. भाऊजी, हिला नाव ठेवायला जागा नाही."

गाडी स्वच्छ होती. पण ती स्वच्छता वापरातल्या घराची नव्हती. माणूस गेल्यानंतर नातेवाइकांनी खोली आवरून ठेवावी तशी होती.

सर्व्हेअर हडकुळा होता, एका पायाने लंगडत चालायचा. थंडोबाशी त्याने हात मिळवला, मेहुण्याला मान हलवली, आणि मग तो थंडोबाच्या बायकोकडे बघतच राहिला. ती अंगणात उभी राहून म्हणत होती, "चला ना, उशीर झाला. घरी जाऊ."

"केव्हापासून?" सर्व्हेअरने हलक्या आवाजात विचारलं.

"काही वर्षं झाली."

"आणि गाडीत बरं वाटतं."

थंडोबा चमकला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त मुलीला आणि मेहुण्याला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझीही अशीच होती. चाकं फिरत होती तोवर छान होती. आम्ही दोघं कुठे कुठे जाऊन आलो."

"मग?"

"मग एकदा गाडी थांबली," सर्व्हेअर म्हणाला आणि व्हॅनचं बाजूचं दार सरकवायला वळला.

आत सगळं होतं. पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, कपाटं. मागच्या दारांना पाठ लावून कपाटं बसवलेली, त्यामुळे आत-बाहेर करायला बाजूचं सरकतं दार हे एकच. पुढच्या दोन सीटांमागे पत्र्याची भिंत आणि तिच्यात वहीएवढी खिडकी, जाळी लावलेली. थंडोबा आत ताठ उभा राहिला. डोक्यावर वीतभर जागा उरली.

मग त्याला ती कडी दिसली. सरकत्या दाराच्या बाहेरच्या बाजूला, जाड लोखंडी. आणि आतल्या बाजूला हँडल जिथे असतं तिथे नुसती पट्टी, स्क्रूने घट्ट बसवलेली.

शीतगृहात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, की दार बाहेरून कितीही पक्कं लागू दे, आतून एका धक्क्यात उघडलं पाहिजे. आणि लावण्याआधी डोकं आत घालून हाक मारायची, "आत कोण?" ही हाक चुकवणाऱ्या दोघांना थंडोबाने कामावरून घालवलं होतं, ते हातापाया पडत असतानाही. आत्ता मात्र ती कडी बघून त्याला बरं वाटलं. आपल्याला वेगळी बसवून घ्यावी लागणार नाही, एवढंच मनात आलं. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःचीच थोडी भीती वाटली. त्याने कडीवर बोट फिरवलं. तेल दिलेलं होतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या कडीला ताजं तेल.

सर्व्हेअर बघत होता. "काही विचारायचंय?"

"नाही," थंडोबा म्हणाला.

मेहुणा सर्व्हेअरबरोबर एक फेरी मारून आला आणि चावी हवेत उडवून झेलली. "लोणी आहे, लोणी! भाऊजी, आता ताईला बसवून बघा. तिला पसंत पडली की आपण सुटलो. मी इथेच थांबतो, गॅरेजमधून दहा फोन येऊन गेलेत. पोरांनी कुणाच्या तरी गाडीचे ब्रेक उलटे जोडलेत वाटतं."

बायकोला पुढच्या सीटवर बसवायचं ठरलं. पट्टा सर्व्हेअरने लावला. तिचा हात अलगद उचलून, बकल न बघता, सराईतपणे. तिने हरकत घेतली नाही. थंडोबाला ते आवडलं नाही, पण त्यात नाव ठेवण्यासारखं काय होतं?

"तुम्ही चालवा," तो सर्व्हेअरला म्हणाला. "जरा खराब रस्त्याने न्या. मी मागे पलंगावर पडून बघतो. जिथे तिला झोपवायचं तिथे किती हादरे बसतात ते मला कळू दे."

सर्व्हेअरने दार ओढून घेतलं. बाहेर खट् असा आवाज झाला. दाराचाच असेल, असं थंडोबाला वाटलं.

गाडी निघाली. जाळीतून त्याला बायकोचं डोकं दिसत होतं, आणि तिचा आवाज येत होता. "टायर पंक्चर. सिमेंट. पुढे वळण आहे." मग पाट्या संपल्या. डांबर संपलं. सर्व्हेअरने गिअर टाकला आणि चारही चाकांनी जमीन धरलेली थंडोबाला पाठीखाली कळली. गाडी खड्ड्यात उतरत होती, वर येत होती, पण फेकत नव्हती. पुढे बायको काहीतरी गुणगुणत होती. किती दिवसांनी! थंडोबाने छताकडे बघत मनाशी ठरवून टाकलं. हीच घ्यायची. आज मुलीला सांगून टाकायचं.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज येत होता, बराच मोठा.

"पाणी बघून येतो," सर्व्हेअर म्हणाला. "गाडी घालण्याआधी चालून बघावं लागतं, माहितीये ना तुला? बस हं. आलोच मी."

ते 'तुला' ऐकून थंडोबा उठून बसला. सर्व्हेअर त्याच्याशी बोलत नव्हता. पुढचं दार लागलं. पावलं बाजूने गेली, एक पाय ओढत, आणि लांब लांब होत पाण्याच्या आवाजात मिसळली.

थंडोबाने सरकतं दार ओढलं. हललं नाही. खांद्याने ढकललं. मग त्याला मघाचा खट् आठवला.

त्याने आधी हात पुसले. खिडक्यांच्या काचा पक्क्या बसवलेल्या. छतावरचं झाकण बाहेरून बंद. त्याचा फोन पुढे डॅशबोर्डवर राहिलेला. ऊन थेट पत्र्यावर येत होतं आणि बंद गाडी तापायला वेळ लागत नाही. शीतगृहात उलटं व्हायचं, पण हिशेब तोच. आरडाओरडा करायचा नाही, हवा जपायची, बाहेरच्या माणसाला गाठायचं.

बाहेरचं माणूस एकच होतं.

त्याने जाळीला तोंड लावलं. "अगं ए!"

तिने वळून बघितलं. जाळीमागे घामेजलेला एक चेहरा. तिने बसल्या जागी पदर सावरावा तसा पट्टा सारखा केला आणि चौकशीच्या खिडकीतल्या आवाजात विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मी. मी आहे."

"नाव सांगा. मागे रांग आहे."

"अगं, मी तुझा नवरा!"

"जरा नीट बोला," ती म्हणाली. "माझे मिस्टर कोल्ड स्टोरेजमध्ये आहेत. ते यायचेत."

"ते म्हणजे मीच. बघ तरी माझ्याकडे. हे दार उघड, बाजूचं, बाहेरून कडी आहे."

"छे, छे." ती हसली, आणि ते हसू त्याच्या फार ओळखीचं होतं. "मिस्टर आल्याशिवाय मी कुणालाही दार उघडत नाही. त्यांनी बजावलंय. कुणीही येऊ दे, काहीही सांगू दे."

थंडोबा जाळीपासून मागे सरला. घाम डोळ्यांत जात होता. बाजूच्या काचेतून त्याला नदी दिसत होती. रुंद, गढूळ. मध्यावर सर्व्हेअर पाठमोरा उभा, हातात काठी. एक एक पाऊल चाचपत तो पलीकडे चालला होता. थंडोबाने काचेवर मुठी आपटल्या, हाका मारल्या. माणसाने मान वळवली नाही. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकूच येत नव्हतं.

पुढे बकल सुटल्याचा आवाज झाला.

"चला," बायको स्वतःशी म्हणाली. "घरी जाऊ या."

 तिने पुढचं दार उघडलं की समोर नदी. ती चालू लागली, तर तो इथून नुसता बघत बसणार. आणि तिने दार उघडून खाली उतरल्याशिवाय कडी निघणार नव्हती. म्हणजे तिला उतरू नको म्हणावं तर दोघं आत, ती पुढे आणि तो मागे, आणि वर ऊन. उतर म्हणावं तर ती कुठे वळेल याचा नेम नाही.

"थांब!" तो ओरडला.

तिचा हात दारावरच थांबला. ती चिडली होती. "अहो, ओरडता काय? हा दवाखाना आहे."

त्याने तिला त्यांच्या घराची खूण सांगितली. मुलीचं नाव सांगितलं, तिच्या भावाचं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत छत गळायचं ते सांगितलं. ती ऐकत होती, पण कुणीतरी शेजाऱ्याची चुगली सांगावी तशी, संशयाने. जितकं जास्त खरं सांगावं तितकी ती मागे सरकत होती. या परक्याला आपल्या घरातलं एवढं कसं माहीत, हेच तिच्या डोळ्यांत होतं. तिने दाराचं हँडल दाबलं. दार उघडलं आणि नदीचा आवाज एकदम आत शिरला.

 थंडोबाने जाळीवर कपाळ टेकलं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "मी आत अडकलोय. फार गरम होतंय हो. श्वास लागलाय मला."

ती उतरता उतरता थांबली. वळली. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "मग तसं सांगा ना मघापासून! घराच्या गोष्टी काय सांगत बसलात? कुठे अडकलात?"

"बाजूचं दार. बाहेरून कडी आहे."

"बसा तुम्ही. उभे राहू नका, चक्कर येईल. मी बघते."

ती उतरली. जाळीतून ती दिसेनाशी झाली. थंडोबा पलंगाच्या कडेला बसला, तिने सांगितलं म्हणून. पावलं ऐकू आली. मग ऐकू येईनात. तो दाराला कान लावून बसला. नदीशिवाय काही नाही. त्याने हाक मारली नाही, कारण काय हाक मारावी हे त्याला कळेना. नावाने मारली असती तर ती पुन्हा बिथरली असती.

कडी सरकली. तेल दिलेली कडी, आवाजसुद्धा झाला नाही. दार उघडलं आणि उजेडात ती उभी होती. तिने त्याचा हात धरून त्याला खाली उतरवलं, सावलीला बसवलं, पदराने वारा घातला.

"बरोबर कुणी आलंय का तुमच्या?" तिने विचारलं.

"नाही," थंडोबा म्हणाला.

"असं एकटं येऊ नये."

सर्व्हेअर परत आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि चेहरा प्रसन्न होता. "गुडघ्याएवढंच आहे. सहज जाता येईल." मग त्याला उघडं दार दिसलं, आणि खाली बसलेला थंडोबा. "तुम्ही असे का? काय झालं?"

"कडी लावलीत तुम्ही."

"मी? मी नाही लावत आता." त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो जवळच्या दगडावर बसला. "तेव्हाही पाणी एवढंच होतं," तो म्हणाला. "मध्यावर दगड निसटला, पाय मोडला. ती आत होती. रांगत आलो. पण तोवर ऊन डोक्यावर आलं होतं."

  मघाशी हीच कडी बघून थंडोबाला बरं वाटलं होतं.

बायको सर्व्हेअरजवळ गेली. "पाय दुखतोय का? हाडांचा विभाग पहिल्या मजल्यावर. जिना चढू नका, लिफ्टने जा."

"हो बाई," सर्व्हेअर म्हणाला. त्याने तोंड ओंजळीत घेतलं.

परत येताना थंडोबाने गाडी चालवली. बायको शेजारी होती. सर्व्हेअर न सांगता मागे जाऊन बसला, पलंगाच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून, आणि दार कुणीतरी लावायची वाट बघत राहिला. थंडोबाने ते उघडंच ठेवलं. दर खड्ड्याला ते पुढे-मागे आपटत होतं. गाडी चढावर कुरकुरली नाही, वाळूत रुतली नाही, वळणावर डगमगली नाही. बायको पुन्हा गुणगुणायला लागली. गाडीत खरोखरच काही दोष नव्हता, आणि थंडोबाला स्टीअरिंग सोडून द्यावंसं वाटत होतं.

अंगणात मेहुणा फोन खिशात घालत पुढे आला. "काय भाऊजी, पेढे कधी..." थंडोबाचा चेहरा बघून त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. "काय झालं? ताई बरी आहे ना?"

"तिला तुझ्या गाडीत बसव. मी आलो."

सर्व्हेअर मागेच बसून होता. थंडोबाने चावी त्याच्या शेजारी पलंगावर ठेवली. "ही कुणाला विकू नका," तो म्हणाला. सर्व्हेअरने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

थंडोबा कुंपणाच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि त्याने मुलीला फोन लावला.

"ठरली का गाडी?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे... मी त्यांना हो सांगू, बाबा?"

"तिथली दारं आतून उघडतात?"

 मागे कुठेतरी तिच्या ऑफिसातले आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं. "नाही, बाबा," ती म्हणाली. "आकडे दाबून उघडतात. आकडे फक्त तिथल्या लोकांना माहीत असतात. नाहीतर ती माणसं निघून जातात ना."

"आणि दार लावताना आत कोण आहे ते बघतं का कुणी?"

"बघत असतील. मी विचारलं नाही."

"विचारू नकोस. मीच येतो. तिला देणार आहेत त्या खोलीत मला बसवायला सांग आणि बाहेरून दार लावायला सांग. किती वेळाने कुणी येतं ते बघू दे मला."

"बाबा, असं कोण करू देईल? आणि कशासाठी?"

थंडोबाने मागे वळून बघितलं. मेहुणा शेडखाली सर्व्हेअरजवळ वाकून काहीतरी विचारत होता. पलीकडे त्याच्या गाडीचं मागचं दार आतून उघडलं होतं, बायको एक पाय खाली टाकत होती, आणि अंगणाचं फाटक सताड उघडं होतं.